ऋणकोची कैफियत : एकतर्फी हुकूमनामे, १८७५चे दंगे आणि कर्जाच्या इतिहासाचा प्रश्न

'कैफियत' हा शब्द मराठीच्या अभ्यासकाला दोन अगदी भिन्न ठिकाणी भेटतो. मराठेशाहीच्या गद्यात तो बखर, करीना, शकावली यांच्या पंक्तीत बसतो : एखाद्या घराण्याची, गावाची वा वतनाची मुळापासूनची हकीकत म्हणजे त्याची कैफियत. कर्नल मॅकेंझी ह्याने दक्षिणेत जमविलेल्या कन्नड व तेलुगू स्थानिक वृत्तांतांनाही हेच नाव आहे. दुसरे ठिकाण दिवाणी न्यायालयाचे. वादीच्या दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर, तीही कैफियतच. उर्दू काव्यचर्चेत हाच अरबी शब्द मनोवस्थेकडे, भावस्थितीकडे वळला. मराठीत मात्र तो हकीकतीशी आणि हक्काशी बांधलेला राहिला. घराण्याची कैफियत लिहिणारा कारकून आणि दाव्याला उत्तर देणारा प्रतिवादी या दोघांकडून अपेक्षा एकच असते : गोष्ट आरंभापासून सांगणे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कर्जबाजारी कुणब्यावर सावकाराने दावे लावले, तेव्हा त्याने बहुधा ही कैफियत दिलीच नाही. समन्स निघाले, तारीख आली, प्रतिवादी गैरहजर राहिला, आणि हुकूमनामा एकतर्फी झाला. ह्या मौनाचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा 'अज्ञान' ह्या एका शब्दात उरकले जाते. ते पुरेसे नाही.

इंग्रजी अंमलापूर्वीची वसुली काही कनवाळू नव्हती. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीबरोबरच तगाद्याच्या पद्धतीचेही वर्णन आहे. धनको स्वतः किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दाराशी बसे, त्याला उठू देत नसे, जेवू देत नसे आणि स्वतःही उपाशी राही. धरणे हा त्याचा सर्वांत उग्र प्रकार. ही पद्धत क्रूर होती, अपमानकारक होती, आणि बलवंताला सोयीची तर होतीच. तरीही तिचे एक रचनात्मक वैशिष्ट्य दृष्टीआड करता येत नाही. तगाद्यात दोन्ही पक्ष एकमेकांसमोर असावे लागत. ऋणको गैरहजर असेल तर तगादा होऊच शकत नसे. शिवाय हा सारा प्रकार गावाच्या डोळ्यांदेखत चाले, आणि कर्ज मुळात किती होते, कोणत्या लग्नासाठी वा कोणत्या बैलजोडीसाठी काढले होते, परतफेड म्हणून किती धान्य गेले, हे पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असे. कर्जाला एक मौखिक इतिहास होता आणि त्याचे साक्षीदार दारातच उभे असत.

१८५५ मध्ये व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता आणि मुदतीचा कायदा असे दोन कायदे आले. मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता. जुनी, शिळी देणी उकरून काढून कोणी कुणाला छळू नये, हा. परिणाम उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार जुने खत रद्द करून नवे लिहून घेई, आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून बसे. हिशेब साधा आहे. समजा, शंभर रुपये दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले आणि काहीच फेडले नाही. तीन वर्षांनी नवे खत एकशे बहात्तरांचे होईल, सहा वर्षांनी जवळजवळ दोनशे शहाण्णवांचे, आणि नऊ वर्षांनी पाचशेच्या वरचे. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या व्यवहारांना दामदुपटीचा जुना नियम लागू होता. व्याज मुद्दलाइतके झाले की त्यापुढे थांबावे, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे, असा तो दंडक. परंतु दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे झाले तर दामदुपटीने मोजायचे कोठून? नियम जिवंत राहिला आणि निरुपयोगी झाला.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे, कारण हे केवळ व्याजाचे गणित नाही. नवे खत हा आपला भूतकाळ पुसून टाकणारा दस्तऐवज आहे. त्यात 'रोख मिळाले' असे लिहिलेले असते, आणि जे मिळाले ते खरोखर काय होते याचा मागमूस नसतो. नऊ वर्षांचा सारा व्यवहार एका वर्तमानकालीन वाक्यात गोठविला जातो आणि त्याखाली नांगराची निशाणी होते. न्यायालयासमोर येते ते हे वाक्य. त्यावर 'निशाणी तुझी आहे काय?' एवढाच प्रश्न उरतो. 'हो' म्हणणारा हरतो आणि 'नाही' म्हणणारा खोटा ठरतो. कुणब्याजवळ जे उत्तर होते ते ह्या दोहोंत मावणारे नव्हते. त्याला एक लांबलचक गोष्ट सांगायची होती, आणि १८७२च्या पुराव्याच्या कायद्याचे ९२वे कलम तर स्पष्टच सांगत होते की लेखी कराराच्या अटींना छेद देणारा तोंडी पुरावा सामान्यतः घ्यावयाचा नाही.

न्यायालयाची भाषा परकी होती म्हणून रयत गप्प राहिली, असा एक समज तुलनाकारांत रूढ आहे. दख्खनपुरता तो टिकत नाही. कनिष्ठ न्यायालयांचे काम मराठीत चाले, खते मोडीत लिहिलेली असत. अवधमध्ये फारसीमिश्रित कचेरीची बोली किंवा ओडिशात भाषेच्याच अधिकाराचा वाद, असा प्रश्न येथे नव्हता. दावा, समन्स, कैफियत, हुकूमनामा, जप्ती हे शब्द कुणब्याच्या कानावरचे होते. परका होता तो लेखनप्रकार : ठरावीक मुदतीत, मुद्देसूद, मुद्रांकाच्या कागदावर, वकिलाच्या हातून लिहिलेले उत्तर. त्यासाठी तालुक्याच्या वा त्याहून दूरच्या गावी ऐन हंगामात हेलपाटे घालावे लागत. समन्स बजावले गेल्याचा शेरा कागदावर असे; ते खरोखर हातात पडले की नाही, हा निराळा प्रश्न. आणि समजा गेलाच तर कुणाविरुद्ध बोलणार? पुढच्या मृगाला बियाणे ज्याच्याकडून आणायचे त्याच सावकाराविरुद्ध. हुकूमनामा झाला तरी सावकार तो ताबडतोब अमलात आणीलच असे नसे. पुष्कळदा तो घडी करून पेटीत ठेवला जाई आणि नवे खत, स्वस्त धान्य किंवा फुकट राबणूक मिळविण्यासाठी दाखविला जाई. अशा स्थितीत गैरहजर राहणे हा भोळेपणा जितका होता तितकाच हिशेबही होता. हजर राहून मिळण्यासारखे काही नव्हते, आणि गमावण्यासारखे एक नाते होते, शोषणाचे असले तरी जगण्याला आवश्यक असलेले.

हे नाते तुटले तेव्हाच ह्या मौनाला वाचा फुटली. कापसाच्या तेजीची वर्षे १८६५च्या सुमारास संपली, सारावाढीच्या नव्या आकारण्या १८६७ पासून येऊ लागल्या, आणि भाव पडल्यावर सावकारांनी हात आखडला. पुढचे कर्ज मिळणार नसेल तर गप्प राहण्याचे कारणही उरत नाही. १८७४च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे येथे एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापोटी गावच्या देशमुखावर हुकूमनामा मिळविला आणि त्याचे घर पाडले. गावाने त्या जातीच्या सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, पाणक्या, कोणीही त्यांचे काम करीना. मग १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारपेठेवर जमाव चालून गेला आणि लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले.

या दंग्यांचे सर्वांत बोलके वैशिष्ट्य त्यांच्या लक्ष्यात आहे. जमावाने मागितली ती खते, रोखे आणि खातेवह्या. जेथे कागद निमूटपणे हाती आले तेथे सावकाराच्या केसालाही सहसा धक्का लागला नाही. जेथे नकार मिळाला तेथे घरे-दुकाने पेटली. रोष प्रामुख्याने मारवाडी व गुजर सावकारांवर होता, आणि ब्राह्मण सावकार बरेचसे वाचले. ही बाब दंग्यांना निखळ वर्गसंघर्ष ठरविणाऱ्यांना अडचणीची आहे, पण ती लपविण्याचे कारण नाही. दाव्याच्या दृष्टीने पाहता मात्र या कृतीचा अर्थ स्वच्छ आहे. जो दस्तऐवज आपला भूतकाळ ऐकून घेत नाही, त्याला उत्तर देण्याचा मार्ग तो जाळणे, एवढाच शिल्लक होता. एकतर्फी हुकूमनाम्याला मिळालेली ही एकतर्फी कैफियत होती.

येथे तुकोबांची आठवण अपरिहार्यपणे होते. परंपरा सांगते की महाजनकीच्या घरातील या संताने भावाशी वाटणी करून आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. सुप्याच्या जमावाने त्याचे अनुकरण केले असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे सुचविण्याचा मोहही टाळावा. ध्यानात घेण्याजोगे एवढेच की कागद नष्ट होणे म्हणजे देणे नष्ट होणे, ही कल्पना या प्रदेशाच्या भक्तिकथांत आधीपासून घर करून होती. दामाजीपंतांच्या आख्यानात विठू महार होऊन आलेला देव दरबारात रक्कम भरतो आणि रसीद घेतो. चमत्काराच्या कथेत रसीद कशाला? ज्यांनी ही कथा शतकानुशतके ऐकली त्यांना ते नक्की माहीत होते. फेड झाली तरी पावती मिळत नाही, ही १८७५ च्या रयतेची एक मुख्य तक्रार होती.

इंग्लंडमधील कर्जाची कहाणी याच काळात वेगळे वळण घेत होती. तेथे ऋणकोचे साहित्यिक रूप म्हणजे कैदी. डिकन्सचे वडील १८२४ मध्ये मार्शलसीच्या तुरुंगात होते, आणि 'लिट्ल डॉरिट' (१८५५–५७) ह्या कादंबरीत तो तुरुंगच एक पात्र होऊन बसला आहे. इंग्रजी कादंबरीतील कर्जदार शरीराने हजर असतो, भिंतींमध्ये असतो, बोलतो, बढायाही मारतो. १८६९च्या कायद्याने तेथील कर्जासाठीची कैद मोठ्या प्रमाणावर संपली. हिंदुस्थानात १८५९च्या संहितेखाली ती चालूच होती. राज्यकर्त्यांनी आपल्या घरी मोडीत काढलेली शिक्षा वसाहतीत जपून ठेवली, ही विसंगती त्या काळच्या इंग्रज न्यायाधीशांपैकी काहींनाही खुपत होती. मात्र दख्खनच्या कुणब्याचे मुख्य रूप कैद्याचे नाही, अनुपस्थिताचे आहे. हा फरक पुढे भारतीय कादंबरीच्या रचनेतही उतरला.

दंग्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७६ मध्ये तयार झाला आणि १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. त्यातून निघालेला १८७९चा सतरावा कायदा, 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट', पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याची नोंद कर्जनिवारणाचा आरंभीचा प्रयत्न म्हणून होते. वाङ्मयीन दृष्टीने त्याची दोन कलमे अधिक महत्त्वाची आहेत. सातव्या कलमाने न्यायालयावर प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासण्याची जबाबदारी टाकली. तो आला नाही म्हणून चटकन हुकूमनामा देऊन मोकळे होता येईना. बाराव्या कलमाने त्याहून पुढची पायरी गाठली. कर्ज कबूल असो वा नाकबूल, दोन्ही पक्षांतील व्यवहार प्रथम सुरू झाला तेथपासूनचा त्याचा इतिहास न्यायाधीशाने तपासावा, असे त्यात सांगितले होते. कायद्याने येथे खरोखरच 'इतिहास' ह्या अर्थाचा शब्द वापरला आहे. तेराव्या कलमाने हिशेब कसा मांडावा ते सांगितले : मुद्दल वेगळे, व्याज वेगळे, साचलेले व्याज मुद्दलात न घालता. खतामागे जाऊन खत वाचणे, हे न्यायाधीशाचे कर्तव्य झाले. त्याला काही अंशी बखरकार व्हावे लागले.

इतर तरतुदी याच दिशेच्या होत्या. हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक वा कैद करता येणार नव्हती. खास गहाण न ठेवलेली जमीन जप्तीतून सुटली. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी देता येऊ लागली. मुदत तीन वर्षांवरून सहावर आणि नोंदलेल्या खतासाठी बारावर गेली, म्हणजे दर तीन वर्षांनी खत बदलण्याचे निमित्तच सरले. शेतकऱ्याचे खत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्याला वाचून दाखवून झाले पाहिजे असे ठरले. आणि पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. दामाजीच्या देवाने जे मागून घेतले ते आता कुणब्याला कायद्याने मागता येत होते. मागण्याचे धैर्य किती जणांना झाले, हे कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही.

ह्या कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा वाटा मोठा होता. १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते या कायद्याखालील विशेष न्यायाधीश होते आणि कनिष्ठ न्यायालयांची दप्तरे तपासत चारही जिल्ह्यांत फिरत असत. त्या दौऱ्यांचे घरगुती अंगाने केलेले चित्रण रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये सापडते. फिरतीवरील मुक्काम, बैलगाड्या आणि भल्या पहाटे सुरू होणारे काम यांच्या वर्णनात कायद्याचे नाव क्वचितच येते; पण एका राज्ययंत्रणेला गावापर्यंत चालत यावे लागले, हे त्यातून जितके कळते तितके अहवालांतून कळत नाही.

याच काळात जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) लिहीत होते आणि त्यांचा विश्वास अशा यंत्रणेवर नव्हता. त्यांच्या मते प्रश्न कलमांचा नव्हता, लेखणी धरणाऱ्या हाताचा होता. शेतकऱ्याने कोर्टात तोंड उघडले तरी त्याची जबानी लिहून घेणारा कारकून तोच, सावकाराचा सोयरा वा भाईबंद. मग कागदावर काय उमटणार? रानड्यांच्या सुधारणावादी आशेला हा फुल्यांचा सवाल आडवा येतो आणि त्याला सरळ उत्तर नाही. सातव्या कलमाने रयतेला बोलावले खरे, पण तिचे बोलणे दप्तरात जाताना 'विचारल्यावरून सांगतो की' ह्या साच्यातून गेलेच. अभिलेखागारात आज जो कुणब्याचा आवाज म्हणून वाचला जातो, तो ह्या साच्यातला आहे. सबाल्टर्न अभ्यासाच्या उत्साहात हे पुष्कळदा विसरले गेले आहे.

सावकारही स्वस्थ बसला नाही. गहाणखतावर न्यायालय मागे जाऊन हिशेब करते म्हटल्यावर त्याने गहाण लिहून घेण्याचे सोडून सरळ खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. फेड झाली की जमीन परत देईन, हे वचन तोंडी. कागदावर विक्री, बोलण्यात गहाण. पुढे दुरुस्तीने १०-अ हे कलम घालावे लागले आणि शेतकऱ्याच्या बाबतीत, ९२व्या कलमाचा अडथळा बाजूस सारून, खरेदी ही वस्तुतः गहाण होती हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा मिळाली. लेखीवर मौखिकाने मिळविलेला हा वसाहतकालीन कायद्यातील एक दुर्मीळ विजय आहे, आणि मौखिकतेच्या भारतीय चर्चेत त्याची दखल घेतली जावयास हवी होती.

मराठी कादंबरीने या सामग्रीचे काय केले? कृष्णराव भालेकरांच्या 'बळीबा पाटील' (१८८८) सारख्या लेखनाने गावाकडे तोंड वळविले, परंतु मान्यताप्राप्त परंपरा मध्यमवर्गीय घरातच रमली. ज्या प्रदेशात ही कायदेशीर उलथापालथ झाली तेथे तिची कादंबरी झाली नाही, आणि झाली ती ओडिशात. फकीरमोहन सेनापतींची 'छ माण आठ गुंठ' ही कादंबरी १८९७ ते १८९९ या काळात 'उत्कल साहित्य' मासिकातून क्रमशः आली आणि १९०२ मध्ये पुस्तकरूप झाली. सावकार-जमीनदार रामचंद्र मंगराज हा भगिया व सारिया या निपुत्रिक विणकर जोडप्याची जमीन कर्जाच्या कागदावर गिळतो. कादंबरीच्या शीर्षकात माणसाचे नाव नाही, जमिनीचे मोजमाप आहे. खटल्यातील जबान्या सेनापतींनी कचेरीच्या शैलीत, जशाच्या तशा वाटाव्यात अशा, कथनात घातल्या आहेत. आणि त्या वाचताना ध्यानात येते की साक्षीदार पुष्कळ बोलतात, पण जिची जमीन गेली तिचे म्हणणे एका आकड्याच्या आर्त पुनरुक्तीपलीकडे कोठेच नोंदले जात नाही. फुल्यांनी निबंधात मांडलेली शंका सेनापतींनी रचनेत उतरविली, एकमेकांना न वाचता.

प्रेमचंदांच्या 'गोदान' मध्ये (१९३६) हेच मौन आणखी पूर्ण आहे. मंगरू साह होरीवर नालिश करतो, डिक्री मिळवितो, आणि होरीला त्याचा पत्ता लागतो तो उभा ऊस लिलावात निघतो तेव्हा. न्यायालयाचे दृश्य कादंबरीत नाही. ते असण्याचे कारणच नाही, कारण होरी तेथे नव्हता. डिकन्सच्या कर्जदाराला लेखक तुरुंगात जाऊन भेटू शकतो. होरीला भेटायचे तर उसाच्या फडातच जावे लागते. संयुक्त प्रांतात शेतकऱ्यांसाठीचा साहाय्य कायदा १९३४ मध्येच झाला होता, कादंबरीच्या दोन वर्षे आधी. होरीच्या गावात त्याचे नाव कोणी घेत नाही.